हरलेला डाव पुन्हा मांडावा
(प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्याच्या दिवसांत मैदानावर चिखल असतो. अशा वेळी मधल्या सुट्टीत शाळेच्या ओसरीवर दोन मुले बुद्धिबळाचा पट मांडून बसतात आणि भोवती आठदहा मुलांचे कडे पडते. डाव रंगतो. कोणीतरी ‘मात!’ म्हणून ओरडते, आणि पुढच्याच क्षणी हरलेला मुलगा पटावरून हात फिरवून सर्व सोंगट्या एकत्र करतो. ‘चल, दुसरा डाव!’ असे म्हणून पुन्हा खेळ सुरू होतो. दुसऱ्या डावातही तो बहुधा तसाच हरतो आणि पुन्हा तसाच हात फिरवतो.

आजचा विषय आहे तो या फिरणाऱ्या हाताचा. गणिताच्या तासाला एखाद्याचे उत्तर चुकले, तर कोणताही जाणता शिक्षक त्याला लगेच पाटी पुसू देत नाही. हातचा कोठे राहिला, कोणत्या पायरीला चूक झाली, हे त्या मुलाकडूनच शोधून घेतो आणि मगच पाटी कोरी करावयास सांगतो. बुद्धिबळाच्या पटावर मात्र चुकलेले उदाहरण दररोज पुसले जाते, आणि ते खेळ म्हणून कोणी अडवीत नाही. शंभर डाव खेळूनही काही मुले होती तेथेच राहतात. त्याचे कारण बुद्धीची उणीव हे नसून, शंभर वेळा पाटी पुसली गेली हे असते. नवशिक्या खेळाडूची प्रगती खेळलेल्या डावांच्या संख्येवर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती पुन्हा मांडून पाहिलेल्या डावांवर अवलंबून असते.

यासाठी शिक्षक स्वतः निष्णात खेळाडू असावयास पाहिजे, असे मुळीच नाही. योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे, हे शिक्षकाचे रोजचेच काम आहे आणि येथेही तेवढेच पुरते. साहित्याचीही अडचण नाही. शहाबादी फरशीवर खडूने चौसष्ट घरे आखता येतात आणि पुठ्ठ्याच्या चकत्यांवर नावे लिहून मोहरे करता येतात.

आरंभी नियमांची एकवाक्यता करून घ्यावी. खेड्यापाड्यांतून पुष्कळ ठिकाणी वडील मंडळी देशी पद्धतीने खेळत आली आहेत. तीत प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चालते, आणि राजाला एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेस दोन घरे जाऊ शकते, आणि राजा व हत्ती यांची एकाच खेळीत होणारी जागापालट, म्हणजे कॅसलिंग, करता येते. देशी पद्धतीस कमी लेखण्याचे कारण नाही. त्याच पद्धतीत वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी आंतरराष्ट्रीय नियम मागाहून आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. परंतु शालेय स्पर्धा आणि छापील पुस्तके आंतरराष्ट्रीय नियमांची असल्यामुळे शाळेत तेच नियम ठेवणे सोयीचे होय.

त्यानंतरचे काम म्हणजे खेळी लिहून ठेवणे. जो डाव लिहिलेला नाही, तो पुन्हा मांडता येत नाही. नवशिक्याला आपल्या दहा खेळ्याही क्रमाने आठवत नाहीत. पटाच्या उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी भूमितीतील परिचित अक्षरे द्यावीत आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ हे आकडे द्यावेत. म्हणजे प्रत्येक घराला नाव मिळते. पांढऱ्याचा राजा इ१ वर आणि काळ्याचा राजा इ८ वर उभा असतो. मोहरा कोणत्या घरी गेला एवढेच लिहावयाचे. प्याद्याच्या बाबतीत नुसते घर लिहिले तरी चालते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हीच पद्धत इंग्रजी अक्षरांनी वापरली जाते. तिसरीचौथीचे मूल ती एका तासात शिकते, आणि जुन्या वहीच्या कोऱ्या पानांचा त्यासाठी चांगला उपयोग होतो.

आता एक प्रत्यक्ष डाव पाहू. प्रत्येक शाळेत तो केव्हा ना केव्हा खेळला जातोच. पांढऱ्याने प्यादे इ४ वर नेले, काळ्याने इ५ वर. पांढऱ्याने उंट क४ वर आणला, काळ्याने घोडा क६ वर. तिसऱ्या खेळीला पांढऱ्याने वजीर थेट ह५ वर आणला, आणि काळ्याने दुसरा घोडा फ६ वर काढला. चौथ्या खेळीला पांढऱ्या वजिराने फ७ वरील प्यादे मारले, आणि मात! चार खेळ्यांत डाव संपला, मुले हसली, आणि काळ्याचा हात पटाकडे वळला.

नेमक्या याच क्षणी शिक्षकाने तो हात थांबवावा आणि तिसऱ्या खेळीनंतरची स्थिती पुन्हा मांडून घ्यावी. ‘तू चुकलास’ असे सांगू नये. ‘घोडा तेथे का नेलास?’ असे विचारावे. मुलगा म्हणेल, ‘गुरुजी, त्याच्या वजिरावर मारा केला.’ हे उत्तर ऐकून घेण्याजोगे आहे. मुलाची खेळी अविचाराची नव्हती. तिच्यात विचार होता, परंतु तो केवळ स्वतःच्या बाजूचा होता. आपण काय मारणार हे त्याने पाहिले, समोरचा काय मारणार हे पाहिले नाही. म्हणून दुसरा प्रश्न असा, की ‘त्याचा वजीर ह५ वर कशासाठी आला?’ मग मुलगा तिरकस रेषेवर बोट फिरवील. वजिराचा रोख फ७ वर आहे, उंटाचाही तेथेच आहे, आणि त्या घराला राखण एकट्या राजाची आहे, हे त्याला स्वतःलाच दिसेल. तिसरा प्रश्न: ‘मग तेथे दुसरे काय करता आले असते?’ थोडे चाचपडल्यावर कोणीतरी ग७ चे प्यादे ग६ वर सरकवील. त्यामुळे वजिराची वाट बंद होते, आणि वजिरावरच मारा होतो. इ५ वरील प्याद्याला क६ वरील घोड्याची राखण आहे, म्हणून तेही सुरक्षित राहते. वजीर मागे फ३ वर जाऊन पुन्हा फ७ वर रोख धरतो, आणि आता घोडा फ६ वर आणला, की ती वाटही बंद!

म्हणजे जी खेळी तिसऱ्या वेळी घातक होती, तीच चौथ्या वेळी उत्तम ठरली. खेळी स्वभावतः चांगली किंवा वाईट नसते, ती वेळेवर अवलंबून असते, हे तत्त्व दहा वर्षांच्या मुलाला व्याख्यानाने समजणार नाही. पण या एका उदाहरणाने समजते. जिंकलेल्या मुलालाही येथे धडा आहे. समोरच्याने नीट उत्तर दिले असते, तर त्याचा वजीर पटावर पळत राहिला असता आणि काळ्याचे दोन घोडे मात्र सुखाने बाहेर पडले असते. जिंकलेला डावही चुकीचा असू शकतो, हे कळणे हरण्याचे कारण कळण्याइतकेच मोलाचे आहे.

‘का नेलेस, समोरच्याचा हेतू काय होता, दुसरे काय करता आले असते’ हे तीन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत. डाव संपल्यावर दोन्ही खेळाडूंनी मिळून त्यांची उत्तरे शोधावीत आणि ज्या खेळीपासून डाव फिरला, तिच्यापुढे वहीत एक फुली करावी. महिन्याअखेर फुल्या चाळल्या, म्हणजे प्रत्येक मुलाची नेहमीची चूक उघडी पडते. एखादा राखण नसलेला मोहरा वारंवार गमावतो, एखादा वजीर लवकर बाहेर काढतो, तर एखादा जिंकत आलेला डाव घाईने घालवतो. ज्याला आपली चूक नावाने ओळखता आली, त्याची निम्मी सुधारणा झाली असे समजण्यास हरकत नाही.

यात केवळ खेळाचाच प्रश्न गुंतलेला नाही. ओसरीवरच्या त्या कड्यात नेहमी हरणारी दोनतीन मुले असतात. पहिल्या महिन्यात ती खेळतात, दुसऱ्या महिन्यात नुसती पाहतात, आणि तिसऱ्या महिन्यात दिसेनाशी होतात. ‘आपल्याला डोके नाही’ असा निकाल त्यांनी स्वतःविरुद्ध देऊन टाकलेला असतो, आणि हा निकाल पुढे पटापुरता राहत नाही. हरण्याला कारण होते, ते कारण अमुक खेळीत होते, आणि ती खेळी बदलता येते, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा पटाजवळ बसण्याचीही वेळ येत नाही. वास्तविक, १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी मिळवले. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी याही पुढे राष्ट्रीय विजेत्या झाल्या. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर ही पदवी संपादन केली. तेव्हा पटापाशी मुलींची जागा शिक्षकाने पहिल्या दिवसापासून राखून ठेवावी.

स्वतःच्या डावाच्या तपासणीबरोबर थोडा नेमका अभ्यासही हवा. तो कोठून सुरू करावा? नवशिके बहुधा डावाच्या आरंभीच्या खेळ्या पाठ करू लागतात. पाठांतराबाहेरची खेळी समोरून आली, की त्यांची गाडी अडते. क्यूबाचे जगज्जेते कापाब्लांका यांचे १९२१ साली प्रसिद्ध झालेले शिकवणीचे पुस्तक सुरू होते, ते मोजक्या मोहऱ्यांनी साध्या माती कशा कराव्यात येथून. यात शहाणपण आहे. पटावर थोडे मोहरे असले, म्हणजे प्रत्येकाचे बळ स्वच्छ दिसते. बाराखडीपूर्वी निबंध नको, तसेच हे आहे.

उदाहरणार्थ, तीनच सोंगट्या घ्याव्यात. पांढरा राजा इ६ वर, त्याच्यामागे पांढरे प्यादे इ५ वर, आणि काळा राजा इ८ वर. खेळी कोणाचीही असो, पांढरा नीट खेळल्यास प्याद्याचा वजीर करतो आणि जिंकतो. आता फक्त राजा आणि प्यादे यांच्या जागांची अदलाबदल करावी. प्यादे पुढे इ६ वर, राजा मागे इ५ वर. आता काळा नीट खेळला, तर पांढऱ्याला जिंकता येत नाही. प्यादे सातव्या ओळीत पोहोचते, काळा राजा त्याच्यासमोर येऊन उभा राहतो, आणि प्याद्याची राखण करण्यासाठी पांढऱ्याने राजा जवळ आणला, की काळ्याला शह नसतो आणि चालावयास घरही उरत नाही. डाव बरोबरीत सुटतो. सोंगट्या त्याच आणि घरेही तीच, पण राजा पुढे की प्यादे पुढे, एवढ्यावर निकाल फिरला. हे दोन्ही डाव मुलांनी दोन्ही बाजूंनी, कारण सापडेपर्यंत खेळून पाहावेत. एक तास पुरतो, आणि हे ज्ञान आयुष्यभर टिकते.

याच्या जोडीला थोरांचे डाव वाचावेत, परंतु कादंबरीसारखे भराभर नव्हेत. १८५८ साली पॅरिसमधील एका ऑपेरागृहात अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी यांनी ब्रन्सविकचा ड्यूक आणि एक फ्रेंच काउंट या दोघांविरुद्ध मिळून एक डाव खेळला. तो अवघा सतरा खेळ्यांचा आहे आणि बुद्धिबळाच्या असंख्य पुस्तकांत छापलेला आहे. पांढऱ्याच्या नवव्या खेळीनंतर डाव थांबवून मुलांना मोजावयास सांगावे, की कोणाचे किती मोहरे घराबाहेर आले आहेत? मॉर्फींचे चार असतात. दोन उंट, एक घोडा आणि वजीर. काळ्याचे दोनच, एक घोडा आणि वजीर; त्यातही तो वजीर स्वतःच्याच उंटाची वाट अडवून उभा असतो. अशा वेळी काळा आणखी एक प्यादे पुढे सरकवतो, आणि मॉर्फी हल्ला चढवतात. सोळाव्या खेळीला ते वजीरही देऊन टाकतात आणि सतराव्या खेळीला एक हत्ती आणि एक उंट यांनी मात करतात. काळ्याचा राजाकडील उंट आणि हत्ती डाव संपेपर्यंत जागचे हललेले नसतात. वजिराचे दान पाहून मुले चकित होतात. शिक्षकाने मात्र त्यांची दृष्टी त्या न हललेल्या दोन मोहऱ्यांकडे वळवावी. चमत्कार सोळाव्या खेळीत दिसला, तरी त्याची तयारी पहिल्या नऊ खेळ्यांत झाली होती.

असा डाव वाचताना पुढची खेळी कागदाने झाकावी, मुलांना आपली खेळी सुचवू द्यावी, आणि मगच कागद सरकवावा. आपली खेळी आणि थोरांची खेळी यांत फरक का पडला, या प्रश्नातच अभ्यास आहे.

असा अभ्यास मनावर कसा परिणाम करतो, याविषयी शास्त्रीय प्रयोगही झाले आहेत. डच मानसशास्त्रज्ञ डी ग्रूट यांनी १९४६ च्या आपल्या प्रबंधात, आणि पुढे १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या संशोधकांनी, खेळाडूंना पटावरील स्थिती काही सेकंद दाखवून ती आठवणीने मांडावयास लावली. खऱ्या डावातील स्थिती निष्णात खेळाडूंनी बहुतांशी बिनचूक मांडली, नवशिक्यांना थोडेच मोहरे आठवले. परंतु तेच मोहरे वाटेल तसे विखुरले, तेव्हा निष्णातांचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. यावरून असे दिसते, की निष्णाताची स्मरणशक्ती सर्वस्वी निराळी नसते. त्याच्या ओळखीच्या रचना अधिक असतात. वाचक जसा अक्षरे न लावता शब्द ओळखतो, तसा तो सुटे मोहरे न पाहता रचना ओळखतो. आणि ओळख वाढते ती पुन्हा पुन्हा लक्षपूर्वक पाहण्याने. खेड्यातील मुलालाही हा मार्ग मोकळा आहे.

हरलेला डाव तपासण्याचे काम नवशिक्यापुरतेच नाही. रशियाचे मिखाईल बोत्विन्निक १९४८ साली जगज्जेते झाले. १९६० साली तरुण मिखाईल ताल यांनी त्यांना हरवून ते पद घेतले. पुढच्याच वर्षी परतीच्या सामन्यात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, बोत्विन्निक यांनी १३ विरुद्ध ८ गुणांनी ते परत मिळवले. आपल्या डावांची चिकित्सा स्वतः करावी आणि ती छापून लोकांपुढे ठेवावी, म्हणजे त्यातील चुका इतरांना दाखवता येतात, असा त्यांचा आग्रह असे. जगज्जेत्याला जर आपली चूक चारचौघांत मांडण्याची लाज वाटली नाही, तर चौथीच्या मुलाला ती का वाटावी?

आता यंत्राविषयी. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने जगज्जेते कास्पारोव्ह यांचा सामन्यात पराभव केला, आणि आज खिशातील मोबाईलवरचा विनामूल्य कार्यक्रमही कोणत्याही माणसाहून सरस खेळतो. डाव त्यात भरला, की चूक कोठे झाली हे तो क्षणात दाखवतो. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. फक्त क्रम पाळावा. आधी मुलांनी पटावर स्वतः शोध घ्यावा, आपले उत्तर वहीत लिहावे, आणि मग यंत्राला विचारावे. उदाहरण सोडवण्यापूर्वी पुस्तकाच्या शेवटची उत्तरे पाहिली, तर काय होते, हे शिक्षकांना सांगावयास नको. शिवाय यंत्र चूक कोणती ते सांगते, पण ती का झाली, घाई होती, भीती होती, की समोरच्याकडे लक्षच नव्हते, हे ज्याचे त्यानेच ओळखावयाचे असते.

एक इशारा शेवटी द्यावयास हवा. बुद्धिबळ शिकवले, की गणित आपोआप सुधारते, असे आश्वासन पालकांना देऊ नये. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळा निवडून त्यांपैकी निम्म्या शाळांत नऊदहा वर्षांच्या मुलांना बुद्धिबळ शिकवण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, वर्षभरानंतर त्यांच्या गणितात इतर शाळांच्या तुलनेने फरक आढळला नाही. म्हणून बुद्धिबळ हे बुद्धिबळ म्हणूनच शिकवावे, आणि ते नीट शिकवावे. आपली चूक न लपवता पाहण्याची सवय नुसत्या पटाने लागत नाही. ती लागली, तर पटाजवळ बसून प्रश्न विचारणाऱ्या माणसामुळे लागते.

यासाठी आठवड्यातून एक तास पुरे आहे. अर्धा तास लिहून खेळावे, पाव तास तोच डाव पुन्हा मांडावा, आणि उरलेला पाव तास शेवटच्या स्थितींचा किंवा झाकलेल्या खेळ्यांचा अभ्यास करावा. वेळ कमी पडला, तर खेळ कमी करावा, पण पुन्हा मांडणे सोडू नये.

असे काही महिने चालले, म्हणजे एखाद्या पावसाळी दुपारी ओसरीवर पुन्हा कोणीतरी ‘मात!’ म्हणून ओरडेल. हरलेल्या मुलाचा हात पटाकडे जाईल. परंतु या वेळी तो सोंगट्या गोळा करणार नाही. वही उघडून एकेक मोहरा मागे नेईल, आणि समोरच्याला म्हणेल, ‘थांब, येथे माझे काय चुकले ते पाहू.’ त्या दिवशी तो डाव जरी त्याने गमावला असला, तरी शिक्षकाने तो जिंकलेला असेल.